निओफेच ३१, जीसीसी ९

बस. लॅपटॉप टेबलावर ठेव, आणि लाईट आहे तोवर आधी चार्जर लाव.

काल तुझे आप्पा उंबऱ्यात उभे होते म्हणून मी गप्प राहिले. बापासमोर पोराचा पाणउतारा करणं मला कधी पटलं नाही. पाऊस लागू नये म्हणून खताच्या पोत्यात गुंडाळून आणला त्यांनी हा, आणि स्वतः डोक्यापासून पायापर्यंत भिजले. "बाई, हे बिघडलंय का बघा, पोरगं दोन दिवस धड जेवलं नाही," एवढंच म्हणाले. त्यांना वाटतंय यंत्र बिघडलं. यंत्र ठणठणीत आहे. बिघडवलंस तू, आणि ते त्यांना सांगायचं धाडस तुला झालं नाही. माझा पहिला राग त्याचा आहे.

दुसरा राग रात्री आला. तुम्ही गेल्यावर मी हा उघडला. काळा पडदा, वर नाव विचारणारी एक ओळ, बाकी काही नाही. तू चिठ्ठीवर लिहून दिलेला पासवर्ड घातला आणि 'हिस्टरी' एवढा एक शब्द टाइप केला. टर्मिनलवर तू जे जे लिहितोस ते तिथे ओळीने साठत असतं. ४१२ ओळी निघाल्या. मी वही घेऊन मोजायला बसले, पेपर तपासायला बसते तशी. सुडो, म्हणजे सिस्टिमच्या मालकाचा अधिकार घेऊन दिलेला हुकूम, १३७ वेळा. निओफेच ३१ वेळा. जीसीसी, म्हणजे सी चा कंपायलर, ९ वेळा. पायथनमध्ये स्वतः लिहिलेला प्रोग्राम चालवलास ४ वेळा, आणि चारही वेळा तोच, अकरा ओळींचा.

निओफेच काय करतं ते तुला माहीत आहे. सिस्टिमचा लोगो रंगीत अक्षरांत काढतं आणि शेजारी मशीनची माहिती लिहितं. दुसरं काही करत नाही. महिन्याभरात ३१ वेळा तू तो लोगो काढलास, त्याचे फोटो घेतलेस आणि स्टेटसला लावलेस. मी पाहिलेत ते, माझ्याकडे तुझा नंबर आहे. आणि ज्या कामासाठी दुधाच्या बिलातून महिना महिना बाजूला काढून हा सेकंडहँड लॅपटॉप बेळगावहून आणला, ते काम ९ वेळा. जूनपासूनचा हा हिशेब. दिवाळीपासूनचा लागतच नाही, कारण मधल्या दोन सिस्टिम तू पुसून टाकल्यास.

विंडोज सोडलंस याबद्दल मी तुला बोलणार नाही, तो निर्णय बरोबरच होता. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा पाठिंबा थांबवला आणि तुझा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. नवा लॅपटॉप घेण्याची आपली ऐपत नाही, हा मात्र अजून पाच वर्षं आरामात चालेल. लिनक्स बसव असं मीच म्हणाले होते. मिंट बसव, असंही तेव्हाच म्हणाले होते. तू काय म्हणालास आठवतं? "बाई, मिंट नवशिक्यांचं असतं."

मग तू कोण आहेस?

मान खाली घालू नकोस, उत्तर दे. बीसीएच्या पहिल्या वर्षाचा मुलगा, सी मध्ये पॉइंटर आला की अडखळतो, त्याला नवशिका म्हणत नाहीत तर काय म्हणतात? नवशिकं असण्यात लाज कसली? जांबोटीतलं प्रत्येक पोर एकदा पाटीवर 'अ' गिरवूनच इथवर आलंय. लाज वाटायला हवी ती नवशिकेपण झाकण्याची. तुझ्या सगळ्या घोळाचं मूळ एवढंच आहे. सिस्टिम तू निवडलीस ती वर्गातल्या मुलांनी बघावी म्हणून. तुला तिच्यावर काय करायचंय, हा प्रश्न तू स्वतःला एकदाही विचारला नाहीस.

पहिली घेतलीस काली. का, तर व्हिडिओत काळ्या टोपीतला कुणी तरी ती वापरत होता. अरे, काली २०१३ साली आली ती संगणकांची सुरक्षा तपासणाऱ्या व्यावसायिकांसाठी. तिच्या निर्मात्यांनी स्वतःच्या माहितीपत्रकात सरळ लिहिलंय की लिनक्सची ओळख नसेल, किंवा रोजच्या वापराची सिस्टिम हवी असेल, तर ही घेऊ नका. दुसरी घेतलीस आर्च, सीनियरनं सांगितली म्हणून. त्यांनीही लिहून ठेवलंय की सगळं आपल्या हातांनी जुळवायला वेळ, तयारी आणि हौस नसेल तर आर्च तुमच्यासाठी नाही. दोघांनी प्रामाणिकपणे इशारा दिला होता. तू दोन्ही वाचले नाहीस.

आणि काली बसवताना काय केलंस ते आज स्पष्ट बोलू, कारण घरात अजून कुणाला ठाऊक नाही. बसवणारा प्रोग्राम विचारतो, डिस्कचं काय करायचं. त्यात एक पर्याय असतो, सगळी डिस्क पुसून टाका. पुसून टाका असंच लिहिलेलं असतं, गूढ काही नसतं. तू तो निवडलास. डिस्कवर शेताच्या उताऱ्याचे स्कॅन होते, ते पुन्हा मिळतील. बहिणीचं एसएसएलसीचं मार्ककार्ड होतं, तेही मिळेल, हेलपाटे घालून. पण तुझ्या आजीच्या ओव्या होत्या. गेल्या श्रावणात तूच फोनवर रेकॉर्ड करून लॅपटॉपवर घेतल्या होत्यास आणि जागा होत नाही म्हणून फोनमधून काढून टाकल्या होत्यास. मला ऐकवल्या होत्यास तू, याच खोलीत. जात्याचा घरघर आवाज आणि त्यावर तिचा आवाज. कुठे आहेत त्या? एकच प्रत होती आणि ती तू एका क्लिकने घालवलीस, काळ्या पडद्यावर ड्रॅगनचं चित्र दिसावं म्हणून.

आजी अजून आहे, हे तुझं नशीब. येत्या रविवारी तिच्यापाशी बसायचं. घाई करायची नाही, आठवेल तेवढं म्हणू दे. संध्याकाळच्या आत ते तीन ठिकाणी गेलं पाहिजे: फोनवर, लॅपटॉपवर आणि माझ्या या पेनड्राइव्हवर. मी विचारणार आहे.

आता आर्चचं. ही चूक जास्त समजून घे, कारण तिच्यात आपल्या गावाचा प्रश्न आहे. आर्च ही सतत वाहती सिस्टिम. तिला ठरावीक आवृत्ती नसते, रोज नवं येत राहतं आणि ते घेत राहावं लागतं. ज्याच्या घरी तारेचं इंटरनेट आहे, लाईट जात नाही, त्याला ते परवडतं. तू राहतोस कुठे? मलप्रभा जिथे उगम पावते ती कणकुंबी आपल्या शेजारी आहे. मृगापासून इथे कोसळायला लागतो तो गणपतीपर्यंत. झाड पडलं की तार तुटते, तार तुटली की दोन दिवस अंधार. फोनचा दिवसाचा डेटा दीड जीबी. आणि तुझी बॅटरी सेकंडहँड, वीस मिनिटांवर टिकत नाही. अशात तू भर पावसात सगळी सिस्टिम अद्ययावत करायला लावलीस. अर्ध्यावर लाईट गेली, बॅटरी संपली, कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभाच, बदलता बदलता मशीन बंद पडलं. परत सुरू कसं होणार? जुना कर्नल निघालेला, नवा पुरता बसलेला नाही. यात आर्चचा दोष नाही, पावसाचाही नाही. रोपलावणीला निघताना तुझे आप्पा आभाळ बघतात. तू बघितलंस?

म्हणून जूनमध्ये मी इथे बसवून तुला मिंट बसवायला लावलं. तेही मोडलंस. कसं मोडलंस ते हिस्टरीत ओळ न् ओळ लिहिलेलं आहे, ऐक.

तुला पायथनची एक लायब्ररी हवी होती. तू पिप वापरलंस. सिस्टिमने नकार दिला आणि कारणही सांगितलं: हा पायथन सिस्टिम स्वतः सांभाळते, त्यात हात घालू नका, वेगळं आवरण करून त्यात काम करा. कसं करायचं तेही त्याच निरोपात लिहिलेलं असतं. तू निरोप वाचला नाहीस. कुठून तरी एक ओळ उचललीस आणि चिकटवलीस. तिच्या शेवटी काय होतं? 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस'. तीन शब्द आहेत. ब्रेकचा अर्थ तुला कळत नाही? एसएसएलसीला इंग्रजीत तुला किती मार्क होते ते मला पाठ आहे, मीच शिकवणी घेतली होती. इंग्रजी येत नाही ही सबब माझ्यापुढे चालणार नाही.

तरी तेवढ्याने काही कोसळलं नव्हतं. मग व्हिडिओतल्या माणसाकडे पायथन ३.१३ दिसला आणि तुझ्याकडे ३.१२ होता, म्हणून तू जुना काढून टाकायला निघालास. अरे बाळा, मिंटची स्वतःची कितीतरी साधनं त्याच पायथनवर चालतात. अपडेट मॅनेजर त्यावर चालतो. तू तो काढायला सांगितलास तेव्हा पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या एप्टने तुझ्यासमोर यादी ठेवली असणार की हे काढायचं तर याच्यासोबत हेही जाईल, तेही जाईल. त्या यादीत सिनॅमन होतं. म्हणजे तुझा सगळा डेस्कटॉप. यादी दाखवून त्याने विचारलं, पुढे जाऊ का? तू वाय दाबलंस.

२०२१ साली कॅनडातल्या लिनस सेबास्टियन या यूट्यूबरनं लाखो लोकांसमोर हेच केलं होतं. पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेमचं ॲप बसवताना त्या पॅकेजमध्येच गडबड होती. सिस्टिमने धोक्याची सूचना दिली आणि खात्री म्हणून एक अख्खं वाक्य टाइप करायला लावलं. त्याने ते टाइप केलं आणि डेस्कटॉप उडाला. म्हणजे चूक कुणाच्याही हातून होते. पण त्याने ती कॅमेऱ्यासमोर केली, सगळ्यांनी बघितली, त्यातून एप्टमध्ये सुधारणा झाली. तू चूक केलीस आणि दोन दिवस पांघरुणात तोंड घालून पडलास. हा फरक आहे आणि मला तोच खुपतो. माझं घर तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

तुला मोठ्यांचीच उदाहरणं हवीत ना? घे. लिनस टोरवाल्ड्सनं २५ ऑगस्ट १९९१ ला आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय असं जाहीर केलं, तेव्हा तो २१ वर्षांचा विद्यार्थी होता. आणि त्याने पहिल्यांदा काय केलं? लोकांना विचारलं, तुम्हाला त्यात काय काय हवंय. विचारलं, लपवलं नाही. तोच टोरवाल्ड्स आज कुठली सिस्टिम वापरतो माहीत आहे? कित्येक वर्षं फेडोरा. डेबियन बसवायला अवघड वाटली म्हणून वापरली नाही, हे त्याने चारचौघांत सांगितलंय. ज्याने कर्नल लिहिला त्याला सिस्टिम बसवायला सोपी हवी, कारण त्याला त्याचं काम करायचं असतं. आणि तुला, अकरा ओळींचा एक प्रोग्राम लिहिणाऱ्याला, सोपी म्हटली की कमीपणा वाटतो!

डेबियनचं नाव निघालंच आहे तर ऐक. १९९३ च्या ऑगस्टमध्ये इयान मर्डॉकनं ती सुरू केली, तोही तेव्हा वीस वर्षांचा, पर्ड्यू विद्यापीठातला विद्यार्थी. उबुंटू डेबियनवर उभी आहे आणि मिंट उबुंटूवर. तू ज्याला नवशिक्यांचं म्हणालास त्याच्याखाली तीस वर्षांहून जास्त काळाची, हजारो माणसांची मेहनत आहे. नवशिक्यासाठी सोपी करणं ही त्या मेहनतीतली सगळ्यात अवघड पायरी असते. मी चाळीस वर्षं पहिलीपासून एसएसएलसीपर्यंत शिकवलंय, मला विचार.

मी मिंटच का सांगितलं, ते तू तेव्हा ऐकून घेतलं नाहीस. आता ऐकावं लागेल. उबुंटूची दीर्घ पाठिंब्याची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. मिंट तिच्यावरच बेतलेलं असतं. तुझ्याकडचं मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर आहे, म्हणजे २०२९ पर्यंत चिंता नाही. तुझी पदवी होईल, नोकरी लागेल, तरी हीच सिस्टिम चालेल. फेडोरा चांगली आहे, पण तिची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी आणि एका आवृत्तीला पाठिंबा साधारण तेरा महिने. दर वर्षी काही जीबी उतरवून सगळं बदलायचं, तेही या डेटावर? उबुंटूलाही मी नाव ठेवणार नाही, बेळगावात राहत असतास तर तीच घे म्हणाले असते. पण तिथली स्नॅप नावाची पॅकेजं आपण होऊन अद्ययावत होतात, दिवसातून चार वेळा तपासतात. मिंटने २०२० च्या विसाव्या आवृत्तीपासून स्नॅप आपणहून बसू देणं बंद केलंय. काय उतरवायचं, कधी उतरवायचं, ते अपडेट मॅनेजर तुझ्यावर सोपवतो. दिवसाचा डेटा उरला, लाईट आहे, बॅटरी भरलीय, तेव्हा उतरव. जांबोटीसाठी एवढी एक गोष्ट मला पुरेशी आहे.

आणि टाइमशिफ्ट. मिंट सुरू झाल्यावर स्वागताच्या खिडकीतच पहिल्या पायऱ्यांत ते सांगतात की सिस्टिमची प्रत ठेवायची सोय करा. मोडलं तर मागच्या तारखेला परत जाता येतं. तू ती खिडकी बंद केलीस आणि पुन्हा दिसू नये म्हणून खूणही काढलीस. टाइमशिफ्ट चालू असतं तर काल आप्पांना पावसात यावंच लागलं नसतं. पण हेही डोक्यात ठेव, टाइमशिफ्ट सिस्टिम सांभाळतं, तुझ्या फाइली नाही. ओव्या त्यात राहत नाहीत. त्यांची प्रत वेगळी.

आपल्याला खेड्यात कोण शिकवणार, असं तू परवा म्हणालास. ते बोलणं मला अजिबात आवडलं नाही. केरळात सरकारी शाळांचं संगणकाचं काम काईट ही संस्था बघते. २०१९ मध्ये तिने शाळांतल्या दोन लाखांहून जास्त संगणकांसाठी उबुंटू १८.०४ वर बेतलेली सिस्टिम दिली. तीही दीर्घ पाठिंब्याचीच आवृत्ती, बघ. तिथली पाचवी-सहावीतली पोरं खेड्यापाड्यातच राहतात. आणि मुंबईच्या आयआयटीत स्पोकन ट्युटोरियल नावाचा प्रकल्प आहे, प्राध्यापक कन्नन मौद्गल्यांनी उभा केलेला. लिनक्स, सी, पायथन, सगळ्यांचे दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीत बोललेले, फुकट. एकदा उतरवून घेतले की नेट लागत नाही. अर्ध्या पडद्यावर धडा लावायचा, अर्ध्यावर स्वतः करत जायचं, अशीच त्यांची रचना आहे. मी तुला त्यातले धडे काढून दिले होते. फोल्डर तसाच आहे, एकही उघडलेला नाही. तारखा दिसतात मला.

अजून एक. काली आणि आर्च तू कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आणल्यास. त्या फाइली खऱ्या आहेत का, हे तपासलंस? २० फेब्रुवारी २०१६ ला खुद्द मिंटच्या संकेतस्थळात घुसून कुणीतरी सिस्टिमच्या फाइलचा दुवा बदलला होता आणि त्या दिवशी ज्यांनी ती उतरवली त्यांना चोरवाट ठेवलेली सिस्टिम मिळाली. खुद्द मूळ ठिकाणी हे होतं, तर हॉस्टेलमधल्या पेनड्राइव्हचा काय भरवसा? म्हणून शा-२५६ चा आकडा जुळवून बघायचा. दोन मिनिटांचं काम आहे. जूनमध्ये मी जुळवत होते तेव्हा तू फोन बघत होतास.

आता काय करायचं ते सांगते. नवीन काही बसवायचं नाही. पुसायचं नाही. पुसून पुन्हा सुरुवात करणं तुला फार सोपं वाटायला लागलंय, ती सवय मोडायची आहे. मी काल रात्रीच हे दुरुस्त करू शकले असते, अर्ध्या तासाचं काम होतं. मुद्दाम केलं नाही. तू करणार आहेस, माझ्यासमोर, आणि झाल्यावर घरी जाऊन आप्पांना सगळं खरं सांगणार आहेस, ओव्यांसकट.

आधी तुझ्या होममधल्या फाइली या पेनड्राइव्हवर घे. मग फोन तारेने जोड, यूएसबी टेदरिंग चालू कर, नेट मिळेल. पायथन परत बसवायचा, त्याच्यामागून मिंट-मेटा-सिनॅमन. डेस्कटॉप आला की पहिलं काम टाइमशिफ्ट. दुसरं, पायथन३-व्हेन्व्ह हे पॅकेज, आणि इथून पुढे प्रत्येक प्रोग्रामला त्याचं वेगळं आवरण, सिस्टिमच्या पायथनला हात नाही. तिसरं, निओफेच काढून टाक. आणि महिन्याने याच तारखेला हा लॅपटॉप घेऊन ये. मी हिस्टरी बघणार आहे. जीसीसी आणि पायथन मिळून शंभराच्या वर दिसले पाहिजेत, आणि स्वतः लिहिलेले निदान दहा प्रोग्राम. चुकलेले चालतील. उतरवलेले चालणार नाहीत.

खुर्ची पुढे ओढ. एप्ट अपडेट झालं का? मग इन्स्टॉल दे. थांब, बोट वायवरून काढ. यादी आली आहे ना समोर? वरून पहिली ओळ वाच. मोठ्याने.